चालणारा दादा, बघणारी मी

मे महिन्यात झाशीतलं घर म्हणजे झाकण लावलेला डबा. ऊन चढायला लागलं की खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, कूलरच्या टाकीत बादल्या ओतायच्या आणि संध्याकाळपर्यंत आत बसून राहायचं. बाहेर लू चालते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण लूला लूच म्हणतात. पुण्यातल्या माणसाला तो शब्द समजावायचा तर त्याला तिथे आणून दुपारी गच्चीवर उभं करावं लागेल. शाळेला सुटी होती, नाना जेवून झोपले होते, आणि मी, चाळिशी ओलांडलेली विज्ञानाची बाई, लॅपटॉप टीव्हीला जोडून अंतराळात मरत होते.

नाना म्हणजे माझे वडील. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू लुळी आहे. आई आधीच गेलेली. घरात आम्ही दोघंच.

खेळ जुना होता. दादा आणि मी शाळा-कॉलेजात असताना तो खेळायचो. आता नव्या यंत्रांवर चालेल असा करून तो पुन्हा विकायला ठेवलाय, तो दिसल्यावर मी काही विचार न करता घेऊन टाकला. एका दूरच्या ग्रहाभोवती फिरणारं खाणीचं स्थानक असतं. तिथे दुरुस्तीसाठी एक मेकॅनिक येतो. येऊन बघतो तर दिवे गेलेले, माणसं गायब, आणि भिंतींच्या आतल्या नळांमधून काहीतरी चालतंय. त्या जनावराला डोळे नाहीत, पण कान फार तिखट. मेकॅनिकजवळ एक टॉर्च, एक वेल्डिंगची बंदूक आणि बेताची हवा. स्थानकाच्या दुसऱ्या टोकाला एक छोटं यान उभं आहे. तिथवर पोचायचं आणि निघून जायचं, एवढीच गोष्ट.

आता बघितलं तर ते जनावर कणीक मळून केल्यासारखं दिसतं. भिंतींवरचा गंज कोणीतरी घाईत ब्रश मारल्यासारखा. मी मोठ्याने हसले. पण मग नळात तो आवाज झाला, आधी लांबून, मग डोक्यावर, आणि बंद खोलीत, कूलरच्या घरघरीत, माझ्या पाठीवर सरसरून काटा आला. चित्रं म्हातारी झाली, आवाज म्हातारा झाला नाही.

आमच्याकडे हा खेळ दोघांनी मिळून खेळायची पद्धत होती. खेळ बनवणाऱ्यांच्या ती स्वप्नातही आली नसेल. संगणक एकच, तोही दादाच्या इंजिनिअरिंगच्या तयारीसाठी घेतलेला. त्यावरून रोज मारामाऱ्या. शेवटी आईने एका दुपारी निवाडा दिला: कीबोर्ड दादाकडे, माउस माझ्याकडे, आणि आता परत आवाज आला तर दोन्ही फडताळात. कीबोर्डाने काय होतं आणि माउसने काय, हे तिला ठाऊक नव्हतं. लाडू मोडून दोन मुलांच्या हातात द्यावा तसा तिने तो संगणक वाटून टाकला.

त्यामुळे आमचा मेकॅनिक अर्धा दादा होता आणि अर्धी मी. चालायचं दादाने. मान वळवायची, टॉर्च मारायची, बंदूक चालवायची मी. दादा ओरडायचा, "बाएँ देख, बाएँ!" मी ओरडायचे, "चल ना यार, खड़ा क्या है!" आमच्या घरात भांडण आणि क्रिकेट हिंदीत चालायचं. मराठी देवासाठी, जेवणासाठी आणि आजारपणासाठी.

यात एकच गोची होती, ती म्हणजे दादा भित्रा होता. अभ्यासात हुशार, सायकलवर बेफाम, पण त्या नळातला आवाज जवळ आला की तो कीबोर्डावरून दोन्ही हात उचलायचा, चटका बसल्यासारखे, आणि "पानी पी के आता हूँ" म्हणून सरळ खोलीबाहेर जायचा. मी एकटी खुर्चीत, हातात माउस. मला चारी दिशांना बघता यायचं. ते कुठल्या नळातून येतंय, कुठे उतरणार, यानाकडे जाणारं दार कुठलं, सगळं लख्ख दिसायचं. पाऊल मात्र टाकता यायचं नाही. बटणं माझ्यासमोर पडलेली असायची, पण ती दादाची होती. मी त्यांना कधी हात लावला नाही. दादा पाणी पिऊन येईपर्यंत मेकॅनिक मेलेला असायचा, आणि तो वर मलाच विचारायचा, "क्या किया तूने?"

यानापर्यंत आम्ही कधीच पोचलो नाही. मग दादाला कॉलेज मिळालं आणि तो गेला.

तर त्या दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा तो खेळ एकटीने सुरू केला. माउस उजव्या हातात असा बसला की मधली वर्षं गेलीच नाहीत. टॉर्च फिरवला, कोपरे तपासले, दार शोधलं. नळात खडखड झाली. मी दाराकडे उजेड धरला आणि थांबले. आपण आता चालायला लागू, म्हणून थांबले. ते जनावर आलं, मेकॅनिक मेला, पडदा लाल झाला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा डावा हात मांडीवर पडलेला होता. कोणीतरी चालवेल म्हणून मी वाट बघत बसले होते.

नाचता येईना अंगण वाकडं. मी आधी लॅपटॉपच्या बटणांना नावं ठेवली. मग पुन्हा खेळले आणि पुन्हा तेच झालं. जिवावर बेतलं की माझा डावा हात लुळा पडायचा. आधी मला याचं हसू आलं. मग येईना, कारण जे विसरायला मी हा खेळ उघडला होता ते हेच होतं.

पुण्यातल्या एका संस्थेचा मेल येऊन पडला होता. ही संस्था हिंदी शाळांसाठी विज्ञानाचे प्रयोग तयार करते, स्वस्तातले, डबे-दोरे-चुंबकं वापरून. त्यांना विज्ञान शिकवलेली, हिंदी घरच्यासारखी येणारी आणि ऑफिसात मराठी बोलेल अशी व्यक्ती हवी होती. म्हणजे जवळजवळ माझंच वर्णन. मुलाखत फोनवर झाली आणि त्यांनी मला निवडलं. जुलैपासून यायचं, दोन वर्षांसाठी, आणि मे संपायच्या आत काय ते कळवायचं. एवढं मनासारखं काम मला आजवर कोणी देऊ केलं नव्हतं आणि पुढे कोणी करेल असं वाटत नव्हतं. मी तो मेल रोज उघडायचे आणि रोज बंद करायचे.

कारण नाना. त्यांना सकाळी उठवणं, न्हाऊ घालणं, पूजेला बसवणं, औषधं, जेवण, सगळं माझ्याकडे. झटका आला तेव्हा दवाखान्याने एक माणूस देऊ केला होता, घरी येऊन अंघोळ घालणारा. तो भैया पहिल्याच सकाळी वेळेवर आला. मी त्याला दारातूनच परत पाठवला. नानांची पूजा सोवळ्यातली. अंघोळ झाली की रेशमी कद नेसायचा आणि देव आटोपेपर्यंत बाहेरच्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, हे मी जन्मल्यापासून बघत आले आहे. झाशीतल्या आमच्यासारख्या घरांमधून मराठी जाईल, पण सोवळं शेवटी जाईल. तेव्हा परक्याच्या हातची अंघोळ त्यांना चालणार नाही, हे उघडच होतं. तेव्हापासून रोज सकाळी मी आधी स्वतः न्हायचे, वेगळी वाळत घातलेली साडी नेसायचे आणि मग त्यांना घालायचे. एकही दिवस चुकला नाही. नाना अंघोळीत चकार शब्द बोलायचे नाहीत. मी ते आजारपणाच्या खात्यात टाकलं होतं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शाळेत मैत्रिणी म्हणायच्या, "तुम्हारे पापा कितने लकी हैं." मी हसायचे आणि आतून किंचाळावंसं वाटायचं. मला नानांचा राग यायचा. राग आल्याचा मग मलाच राग यायचा, आणि दुसऱ्या दिवशी मी पाणी जास्तच बेताचं कोमट करायचे. सगळं मला दिसत होतं, दार कुठे आहे तेही दिसत होतं.

दादा त्या महिन्याच्या अखेरीला आला. आमच्या घरात लग्नाचा प्रकार असा की दादाने केलं नाही आणि मी करून पाहिलं. तो बंगळूरला असतो, लॅपटॉपवर काम करतो, ते कुठूनही होतं. दर वर्षी येतो, येताना आमच्याकडे कोणी पीत नाही ती कॉफी आणतो, नानांच्या उशाशी बसून गप्पा मारतो. त्यांच्या अंघोळीची वेळ झाली की लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकडे फिरायला निघून जातो. परत येतो तेव्हा नाना कद नेसून देवांपुढे बसलेले असतात. त्याला वाटत असावं की ते आपोआप होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला टीव्हीवर तो खेळ दाखवला. तो हरखलाच. "अरे यार! हा तर आपलावाला आहे!" खुर्ची ओढून तो माझ्या डाव्या बाजूला बसला आणि न विचारता लॅपटॉप, म्हणजे कीबोर्ड, आपल्याकडे घेतला. मीही न बोलता तो दिला. मग आम्ही काय सुंदर खेळलो म्हणून सांगू. तो चालायचा आणि मी बघायचे, मी दार दाखवायचे आणि तो त्यातून सटकायचा. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी इतकं नीट बोललो नव्हतो. कधी आलो नव्हतो त्या लांबच्या बोळात आम्ही आलो. समोर पाटी होती, बोळाच्या टोकाला यान.

आणि नळात आवाज झाला.

दादाने हात उचलले. दोन्ही. उठलासुद्धा.

"पानी पी के आता हूँ."

"बस खाली," मी म्हणाले.

"अरे, दो मिनट."

"बस म्हणते ना. तू हात उचलतोस आणि मी इथेच राहते. दर वेळी. तू निघून जातोस आणि मी इथे बसून बघत राहते."

माझा आवाज एवढा चढला की मला नाना जागे होतील अशी भीती वाटली. दादा उभाच होता. पडद्यावर मेकॅनिक मेला, दोघांपैकी कोणीही तिकडे बघितलं नाही.

"खेळ आहे यार," तो म्हणाला.

"मला पुण्याला नोकरी मिळालीये," मी म्हणाले. "परवापर्यंत कळवायचंय. नाही म्हणून कळवणार आहे."

तो परत बसला. कूलरमधलं पाणी संपत आलं होतं आणि पंख्यातून नुसती गरम हवा यायला लागली होती, पण उठून बादली आणायचं आमच्या दोघांच्याही अंगात नव्हतं.

"तू बोललीच नाहीस कधी," तो म्हणाला.

"तू विचारलंस का कधी?"

"नाही." मग म्हणाला, "मी राहतो इथे. काम तर कुठूनपण होतं माझं. दोन वर्षं ना? राहतो."

इतकंच. दोन वर्षं मी ज्या दाराला डोकं आपटत होते ते असं एका वाक्यात उघडलं. मला वाटलं होतं की कोणी असं म्हणालं तर मी आनंदाने रडेन. प्रत्यक्षात मी दादाला एकेक अडचण सांगायला लागले. नानांच्या औषधांचं तुला समजणार नाही. त्यांना भाकरी मोडून कशी द्यायची ते येत नाही तुला. ते बोलतात त्यातलं अर्धं तुला कळत नाही. आणि पुण्यात तरी माझं काय होणार, मुलाखत घेणाऱ्या बाईंनी फोनवर विचारलंच होतं, तुमचं मराठी जरा वेगळं आहे, मूळच्या कुठल्या? आणि अंघोळ? सोवळं? तू तर तालावर पळतोस.

"मला भीती वाटते," दादा म्हणाला, अगदी सरळ. "नानांना तसं बघायची. म्हणून जातो." मग थोड्या वेळाने, "उद्या मी घालतो."

मला राग आला. माझी जागा कोणीतरी घेऊ बघतंय असा राग, आणि तीच जागा सोडायला मी जीव टाकत होते. माणसाचं काही सांगता येत नाही.

सकाळी दादा आधी न्हाला, धूतवस्त्र म्हणून मी दिलेला पंचा नेसला आणि नानांना धरून न्हाणीघरात घेऊन गेला. मी दाराबाहेर उभी राहिले. तो बोलावेल, पाच मिनिटांत बोलावेल, म्हणून पदर खोचून तयार होते. आतून पाण्याचा आवाज आला, मग दादाचं "सॉरी सॉरी, गरम है क्या," आणि मग नानांचा आवाज आला. नाना बोलत होते. झटक्यानंतर त्यांचे शब्द सावकाश येतात, एकेक उचलून ठेवल्यासारखे, पण ते थांबतच नव्हते. गरौठ्याच्या कचेरीत नोकरीला असताना विहिरीवर सगळे कारकून मिळून कसे न्हायचे, साबणाची एकच वडी हातोहात कशी फिरायची, एकदा ती विहिरीत पडली तेव्हा कोणी कोणाला ढकललं. दादा हसला. आणि नाना हसले. ते हसणं मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

मला कोणीच बोलावलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डाळ निवडत बसले.

पूजा झाल्यावर दादा कामाला बसला आणि नानांनी मला हाक मारली. डाव्या हाताने पाटाकडे खूण केली. मी बसले.

"तू पुण्याला जा," ते म्हणाले.

"दादाने सांगितलं?"

"न्हाणीत सांगितलं."

"नाना, तो किती दिवस टिकेल? चार दिवस कामाला बंगळूरला गेला तर तुम्हाला अंघोळ कोण घालणार?"

"दवाखान्यातला तो भैया आहे की. बोलवायचा त्याला. भला दिसत होता. तू त्याला दारातूनच घालवलास."

"अहो, पण तुमचं सोवळं. परक्याचा हात…"

"सोवळं माझं ना? मग मला विचारलंस का?"

नानांनी लुळा हात चांगल्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला. मग माझ्याकडे न बघता, देवांकडे बघत ते म्हणाले, "देवाने चालवून घेतलं असतं. मुलीपुढे असं रोज बसायचं, त्यापेक्षा परका बरा होता. पण तू एवढं करत होतीस. तुला मी कोणत्या तोंडाने सांगणार?"

मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग मी रडले, पाटावर बसून, त्यांच्यासमोर. नानांनी रडू दिलं. मी समजत होते की त्यांच्यामुळे मी या घरात कोंडली गेले आहे. तेवढीच वर्षं तेही रोज सकाळी त्या न्हाणीघरात माझ्यासोबत कोंडलेले होते, आणि बाहेरून कडी मी घातली होती, प्रेमाने, आपल्या घरची रीत म्हणून. एक शब्द विचारला असता तर दोघंही सुटलो असतो. पण आमच्यासारख्या घरात सोवळ्याबद्दल कोणी कोणाला विचारत नाही, ते सगळ्यांना माहीतच असतं.

त्याच दिवशी दुपारी मी पुण्याला होकार कळवला.

आता इथे पुण्यात माझ्या मराठीला रोज कोणी ना कोणी हसतं आणि मीही आता हसते. घरी दिवसाआड फोन करते. दादाचं बरं चाललंय. परवा मी त्याला सहज विचारलं, नानांना साबण कुठला लावतोस. अंघोळीत नाना पहिल्या तांब्यापासून अंग पुसून होईपर्यंत डोळे गच्च मिटून बसायचे. साबण झोंबत असेल म्हणून मी मुद्दाम लहान मुलांचा आणला होता, डोळ्यांना न झोंबणारा, आणि तरी ते डोळे उघडायचे नाहीत.

"साधाच लावतो, जो पडलाय तो," दादा म्हणाला. "का? झोंबत वगैरे नाही त्यांना. डोळे तर उघडेच असतात, पूरा टाइम माझ्याकडे बघून बोलत असतात."